जुन्या गोव्यात नदीकडून शिरा : गोव्यात नव्याने आलेल्यांसाठी एका दिवसाची वाट

गोव्यात नोकरीनिमित्त किंवा लग्न होऊन आलेल्या मराठी माणसाकडे पहिल्या वर्षात पाहुणे येतातच. मग बेत ठरलेला असतो. सकाळी जुन्या गोव्याची दोन चर्च, अकराला मंगेशी, दुपारी कवळ्याची शांतादुर्गा, संध्याकाळी मिरामार. जुन्या गोव्याच्या वाट्याला जेमतेम तास येतो, आणि त्या तासात फोटो काढून होतात, शहर पाहून होत नाही.

मी फोंड्यात बरीच वर्षं राहते. माझ्याकडे येणाऱ्यांना हे शहर दाखवता दाखवता माझी एक वाट ठरून गेली आहे. ती मांडवीच्या काठावर सुरू होते आणि मांडवीच्या पलीकडे संपते. या क्रमाने चाललात तर इथलं विज्ञान, धर्म, छपाई, बांधकाम हे सगळं एकाच गोष्टीचे धागे आहेत हे कुणी सांगायची गरज पडत नाही. पूर्ण दिवस मात्र हाताशी ठेवा.

निघण्याआधी

आधी नावाचा घोळ सोडवू. जुने गोवे आणि गोवा वेल्हा ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. 'वेल्हा' म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'जुना', त्यामुळे गडबड होते. गोवा वेल्हा पणजी-मडगाव रस्त्यावर, जुवारीच्या बाजूला आहे. कदंब राजांचं गोपकपट्टण तिथलं. आपल्याला जायचंय ते मांडवीकाठच्या जुन्या गोव्याला. कोकणीत एकाला थोरलें गोंय म्हणतात, दुसऱ्याला पोरणें गोंय. माझा कोल्हापूरचा मामेभाऊ मडगावच्या बसमध्ये बसून गोवा वेल्ह्याला उतरला होता आणि अर्धा तास चर्च शोधत फिरला होता. पणजीहून तुम्ही फोंड्याची बस धरा. कोकण रेल्वेने येणार असाल तर करमळी स्थानक अगदी जवळ आहे.

शुक्रवार टाळा, त्या दिवशी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, तेव्हा हिंडणं बरं नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. छत्री बाराही महिने लागते, पावसाळ्यात पावसाला आणि एरवी उन्हाला. २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर हे सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताचे दिवस. तेव्हा गर्दी प्रचंड असते, पण माणसं बघायची असतील तर तेच दिवस खरे. मैलोन्‌मैल चालत आलेले लोक, खाज्याची दुकानं आणि मेणबत्त्यांबरोबर विकायला ठेवलेले मेणाचे छोटे हात-पाय. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. आपल्याकडे नवस फेडायला चांदीचे डोळे वाहतात, तसंच हे. त्यात ख्रिश्चनही असतात आणि हिंदूही, आणि सगळ्यांच्याच तोंडी तो 'गोंयचो सायब' असतो.

रस्ता रायबंदरचाच घ्या

पणजीहून निघताना नवा हमरस्ता सोडून रायबंदरच्या जुन्या रस्त्याने चला. पाटो ओलांडलात की दोन्ही बाजूंना पाणी, खारफुटी आणि मिठागरं दिसू लागतात, आणि मधून सरळ रेघेसारखा बांध जातो. तीन किलोमीटरच्या आसपासचा हा बांध व्हाइसरॉय लिन्यारिसच्या काउंटने १६३३-३४ मध्ये बांधून घेतला. भरती-ओहोटीच्या चिखलात, जांभ्या दगडाच्या कमानींवर उभा केलेला हा रस्ता पावणेचारशेहून अधिक वर्षांनीही रोजची वाहतूक अंगावर घेतोय. कमानी कशाला ठेवल्या ते ओहोटीच्या वेळी पाहिलं की कळतं. पाणी अडवलं असतं तर बांध फुटला असता, म्हणून पाण्याला ये-जा करायला वाट ठेवली. गोव्यातले शेतकरी खाजन शेतीत मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचं पाणी सांभाळतात ते याहून कितीतरी आधीपासून. चिखलाशी वागायची रीत इथल्या मातीतलीच आहे.

पहिला थांबा : धक्का आणि कमान

चौकात उतरलात की बाँ जीझसचं चर्च समोरच दिसेल. तिकडे आत्ता वळू नका. उलट उतारावरून खाली धक्क्यापर्यंत या आणि नदीकडे पाठ करून उभे राहा. समोर व्हाइसरॉयची कमान दिसेल. नवा व्हाइसरॉय जहाजातून इथे उतरायचा आणि याच कमानीतून शहरात शिरायचा. १५९९ मध्ये ती बांधली वास्को द गामाच्या पणतूने, म्हणून नदीच्या बाजूला पणजोबाचा पुतळा आहे. शहराच्या बाजूला तलवार धरलेली स्त्री आहे, तिच्या पायाखाली एक पुरुष पडलेला. जिंकणाऱ्यांनी इथल्या लोकांना काय सांगायचं ठरवलं होतं, ते त्या एका शिल्पात आहे. मूळ कमान कोसळली होती, आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली.

अफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी हे शहर आदिलशाहीकडून कायमचं घेतलं. त्याआधी इथे घोड्यांचा मोठा व्यापार होता, नाक्याचं बंदर होतं, जहाजं बांधली जात होती. पोर्तुगीजांनी ती गोदी वाढवली, तोफांचा ओतकारखाना उभारला आणि १५३० पासून पूर्वेकडच्या आपल्या सगळ्या मुलखाची राजधानी इथे ठेवली. आज त्या गोदीच्या जागी माड आणि गवत आहे.

याच धक्क्यावर आलेला एक माणूस लक्षात ठेवा, जुवांव द कास्त्रो. १५३८ मध्ये पोर्तुगालहून निघालेल्या ताफ्यात तो होता. गणितज्ञ पेद्रू नूनिसच्या आराखड्यावरून केलेलं उपकरण त्याच्याजवळ होतं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते तो वाटभर मोजत आला. एकदा मोजमाप विचित्र यायला लागलं तेव्हा कारण शोधता शोधता त्याच्या लक्षात आलं की शेजारची लोखंडी तोफच सुई ओढते आहे. पुढे तो इथला गव्हर्नर झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. त्याची गाठ पुढे पुन्हा पडेल.

दुसरा थांबा : एक उरलेलं दार

कमानीतून वर आलात की डाव्या हाताला सेंट काजेतानचं चर्च आहे. रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर इटलीहून आलेल्या थिएटाइन पाद्र्यांनी ते बांधलं. आत घुमटाच्या बरोबर खाली, झाकून टाकलेली विहीर आहे. पण मी इथे थांबायला सांगते ते आवारातल्या एका दारासाठी. काळ्या बसाल्टचे दोन खांब, वर आडवी तुळई, कडेला जाळीचे तुकडे. आदिलशाही वाड्याचं उरलेलं आहे ते एवढंच. कोरीव काम बघा, ते एखाद्या देवळाच्या गर्भगृहाच्या चौकटीसारखं वाटतं. सुलतान बदलला तरी पाथरवट तेच होते.

तिसरा थांबा : सें कॅथेड्रल आणि संग्रहालय

सें कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि आतल्या वेद्या धरून सगळं आटपायला १६५२ उजाडलं. लांबी सुमारे ७६ मीटर. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही, म्हणून इमारत एका खांद्याने खाली झुकल्यासारखी दिसते. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा आहे.

इथल्या जुन्या इमारतींच्या काही खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, चपट्या चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या आहेत. दुपारचं ऊन त्यांतून आत येतं तेव्हा ताकातल्या पाण्यासारखं होऊन येतं. काच महाग होती, शिंपले खाडीत होते. गोव्यातल्या जुन्या घरांतही अशा खिडक्या सापडतात. एकदा नजरेला सवय झाली की सगळीकडे दिसायला लागतात.

शेजारी सेंट फ्रान्सिस असिसीचं चर्च आहे. आताची इमारत १६६१ ची, दाराची गडद दगडी चौकट मात्र आधीच्या चर्चमधली. जमिनीवर थडग्यांचे कोरीव दगड आहेत, जपून चाला. त्याला लागूनच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. वीरगळ, सतीशिळा, देवळांतल्या मूर्ती आणि वरच्या मजल्यावर व्हाइसरॉयांच्या चित्रांची रांग. ही चित्रं काढून घ्यायची प्रथा १५४७ मध्ये त्याच जुवांव द कास्त्रोने पाडली. १५५३ मध्ये गोव्यात आलेला कवी कामोंइश याचा ब्राँझचा पुतळाही इथे आहे. पूर्वी तो बाहेर उघड्यावर उभा असे.

बाहेर पडल्यावर कॅथेड्रलच्या दक्षिणेच्या मोकळ्या जागेकडे बघा. तिथे पाटी शोधत बसू नका. इथे आदिलशहाचा दुसरा एक वाडा होता, आणि १५६० पासून त्याच वास्तूत इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं, न्यायालय बसलं. मधली चार वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. लोक त्या वास्तूला 'व्हडलें घर' म्हणत आणि नाव हळू आवाजात घेत. आज तिथे काहीच नाही. पाहुण्यांना घेऊन जाताना मी इथे पाच मिनिटं थांबते. या शहरात जे घडलं त्यातलं अर्धं या रिकाम्या जागेत आहे.

चौथा थांबा : बाँ जीझसचा दगड

आता रस्ता ओलांडा. १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पावन केलेली ही बॅसिलिका लालसर, उघड्या दगडाची दिसते आणि सगळ्यांना वाटतं की ती मुळातच अशी आहे. ती अशी नव्हती. सें कॅथेड्रलसारखाच तिच्यावरही पांढरा चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो खरवडून काढला, दगड 'जुना' दिसावा म्हणून.

या दगडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं शहर त्याचं आहे. जांभा खाणीत ओला असतो तेव्हा मऊ असतो, हव्या त्या मापाचे चिरे काढता येतात. हवा लागली की त्यातलं लोखंड त्याला घट्ट करतं. पण तो आतून सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणूनच गोव्यात आणि तळकोकणात जांभ्याच्या भिंतीला चुना लावायची रीत पडली. चुन्यामुळे भिंतीला श्वास घेता येतो आणि पावसाचा मारा चुना झेलतो. बाँ जीझसच्या दर्शनी बाजूचे खांब आणि कोरीव पट्टे मात्र वसईहून आणलेल्या बसाल्टचे आहेत. जुलैत कधी जाऊन दोन्हींवर बोट फिरवून बघा. बसाल्ट काचेसारखा गुळगुळीत असतो, जांभ्यावरून बोट फिरलं की टोकाला गुलाबी भुकटी लागते. दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते ती. पुन्हा गिलावा करावा अशी मागणी जाणकार करत आले आहेत, आणि मला ती मनापासून पटते. दिसायला आवडतं म्हणून एखाद्याचा सदरा काढून त्याला पावसात उभं करू नये.

आत फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत आहे. १५४२ मध्ये गोव्यात आलेला हा पाद्री १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारला आणि १५५४ मध्ये त्याचं शव इथे आणलं. चांदीची पेटी १६३६-३७ ची, गोव्याच्याच सोनारांच्या हातची. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवला. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने तो घडवला आणि १६९८ मध्ये इथे त्याचे भाग जुळवले. दर दहा वर्षांनी पेटी खाली आणून दर्शन घडवतात. गेलं दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झालं.

इथून टेकडी चढायच्या आधी चहा घ्या, काहीतरी खा. वर काही मिळत नाही.

पाचवा थांबा : सेंट ऑगस्टिन आणि एका राणीचं हाड

घाई असली तर बाकीचं गाळा, हे गाळू नका. टेकडीवर ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग उभा आहे, जांभ्याचा आणि पूर्ण उघडा. चर्च १६०२ च्या सुमारास पुरं झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांना हाकललं, मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. देखभाल थांबली की जांभ्याचं काय होतं याचा हा धडा बाँ जीझसपासून हाकेच्या अंतरावर आहे.

जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझमध्ये हाल करून मारलं, कारण तिने धर्म सोडायला नकार दिला. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतल्या काही १६२७ मध्ये या मठात आणल्या. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चने तिला संतपद दिलं आहे. अस्थी कुठे ठेवल्या, त्याचा जुन्या पोर्तुगीज कागदांत उल्लेख होता: चॅप्टर चॅपेल, अमुक बाजूची खिडकी. पण इमारत ढासळलेली, कुठली खिडकी ते ओळखू येईना. पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षं ढिगारे उपसले आणि २००४ मध्ये हाताचं हाड मिळालं. ते तिचंच हे कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेने हाडातला आईकडून येणारा डीएनए वेगळा केला. त्याचा गट निघाला यू१बी. हजारो भारतीयांच्या नमुन्यांत तो कुठेच नव्हता, जॉर्जियातल्या नमुन्यांत होता. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०२१ मध्ये भारताने अस्थींचा भाग जॉर्जियाला कायमचा दिला.

मी इथे जाते तेव्हा फरशीवर पडलेल्या निळ्या-पिवळ्या टाइल्सचे तुकडे बघत बसते. उचलू नका, मुलांनाही उचलू देऊ नका. अशाच एका ढिगाऱ्यात ते हाड होतं.

समोर सांता मोनिकाचा मठ आहे. त्यातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आवर्जून बघा. तिथल्या हस्तिदंती मूर्तींच्या चेहऱ्यांत इथल्या कारागिरांचा हात ओळखू येतो.

सहावा थांबा : छापखान्याचं दार

टेकडी उतरून फोंड्याच्या रस्त्याकडे या. कडेला एक एकटं दार उभं आहे, मागे काहीच नाही. ते सेंट पॉल कॉलेजचं. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथे सुरू झाला. यंत्र जाणार होतं अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण ते गोव्यातच राहिलं.

जेजुइट पाद्री थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षं इथेच, बहुतेक दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, राहिला. त्याने मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. मराठीच्या गोडव्याची त्यातली स्तुती आपण शाळेत वाचलेली असते. ती लिहिणारा माणूस या मातीत वारला, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. कोकणीचं त्याने केलेलं व्याकरण त्याच्या मागे, १६४० मध्ये छापलं. पुढे १६८४ मध्ये याच राजवटीने स्थानिक भाषा बंद करण्याचं फर्मान काढलं. ख्रिस्तपुराणाच्या त्या जुन्या छापील प्रती उरल्या नाहीत, हस्तलिखितं उरली.

याच शहरात १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता या वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं. तो १५३४ मध्ये आलेला. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं. आंबा, फणस, सुपारी, हिंग, आलं, प्रत्येकाबद्दल इथल्या वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना विचारून त्याने संवादाच्या रूपात लिहिलं, आणि जुने ग्रंथ काय म्हणतात याहून स्वतः काय पाहिलं याला मान दिला. पटकीचं त्याचं वर्णन युरोपीय वैद्यकातल्या पहिल्या वर्णनांपैकी आहे. त्या रोगाचं नाव त्याने इथल्या तोंडचंच घेतलं: मोडशी. आपल्या आज्या पोट बिघडलं की म्हणायच्या तीच.

ऑर्ता जन्माने ज्यू घराण्यातला होता. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळलं, आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली. सकाळची ती रिकामी जागा आठवा, आणि चांदीची पेटी, आणि ढिगाऱ्यातलं राणीचं हाड. पणजीत नगरपालिकेच्या बागेला आज ऑर्ताचं नाव आहे. घरी परतताना तिथेही टेका.

शहर बुडालं ते त्याच मोडशीने आणि हिवतापाने. सच्छिद्र जांभ्यातून सांडपाणी विहिरींत झिरपायचं, हे त्याचं एक कारण अभ्यासक देतात. ज्या दगडाने भिंती दिल्या त्यानेच पाणी नासवलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

शेवटी फेरीबोट

तीनच्या सुमाराला पुन्हा धक्क्यावर या आणि दिवाडीची फेरीबोट धरा. स्वतःची दुचाकी किंवा गाडी असेल तर उत्तम, बोटीत चढवता येते. मधल्या पाण्यातून मागे वळून बघा, झाडीतून नुसते पांढरे मनोरे वर आलेले दिसतात.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या नार्वे गावात, कदंबांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर होतं. पोर्तुगीजांनी ते देऊळ सोळाव्या शतकात मोडलं, आणि देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, तसाच. बेटावर जुनी पुष्करिणी, कोटीतीर्थ, अजून आहे. ती बघून पुढची फेरीबोट घ्या आणि नार्व्याला उतरा.

देऊळ लहान आहे, उतरतं कौलारू छप्पर आणि वर घुमट. दिवसभर ज्या घुमटांखाली उभे राहिलात त्यांच्याशी त्याचं नातं लगेच दिसेल. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवळाचं काम सुरू झालं ते शके १५९०, म्हणजे १६६८ मध्ये, आणि तसा शिलालेख तिथे आहे. राज्य सरकारने केलेल्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये देऊळ पुन्हा उघडलं. लेख सावकाश, एकेक अक्षर लावत वाचा. त्यासाठी उजेड लागतो, म्हणून दिवाडीत कितीही रमलात तरी पाचच्या आत नार्व्याला पोचा. परतीची बोट किती वाजता आहे ते उतरतानाच तिथल्या माणसाला विचारून घ्या. चुकलीच तर डिचोलीवरून रस्ता आहे.